सोमवारचा नकाशा

"ताई, माझ्या सोमवारच्या मेलवर लय भरवसा ठेवत जाऊ नका," प्रज्वल मला म्हणाला होता. "तो मेल म्हणजे माझा गडी आहे. मी झोपेत असलो तरी तो आपला जाते. उद्या मी मेलो, तरी तो जाईन."

"बरंय की," मी म्हटलं, "पगार तेवढा तू घेत जा."

तो हसला, मीही हसले. तेवढ्यात जुई उठली म्हणून मी फोन ठेवून दिला.

जुई तेव्हा नुकती रांगायला लागली होती. मी कराडला माहेरी होते. बाळंतपणाची रजा संपली होती आणि पीएचडीचं काम मी घरी बसूनच पुन्हा सुरू केलं होतं. आमच्या कामाला लागतो लॅपटॉप आणि धीर. कणांच्या टकरी होतात तिकडे जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेत, जमिनीच्या पोटात. त्यांची माहिती आम्हाला कुठूनही उघडता येते. प्रज्वल ढोले माझ्याच गाइडचा, केळुसकर मॅडमचा विद्यार्थी, माझ्याहून धाकटा. दर्यापूरचा. तो तिकडे प्रयोगशाळेतच असायचा. माझा नवरा, सौमित्र, बंगळूरला नोकरीला होता. पंधरवड्यातून एकदा यायचा.

त्या बोलण्याला बरेच आठवडे उलटल्यावर, एका मंगळवारी दुपारी आई स्वयंपाकघराच्या दारात बसून भिजवलेले बदाम सोलत होती. बाळंतिणीनं बदाम खायचेच हा तिचा कायदा, आणि जुईला दोन दात आले तरी तो रद्द झाला नव्हता. जुई तिच्या पुढ्यात सालं वेचत होती. माझा एक डोळा सालांवर होता, एक पडद्यावर.

"तोंडात घालेल ती," मी म्हटलं.

"मी काय आंधळी आहे?" आई म्हणाली. "तू तुझं बघ. काय एवढं टक लावून बघतेयस मघापासून?"

"प्रवाह."

"कसला गं?"

मला हे सांगायला फार आवडायचं, आणि विचारणारं कुणी मिळायचं नाही. मी लॅपटॉप बाजूला ठेवून तिच्यासमोर मांडी घातली.

"शिशाचं अणुकेंद्र असतं ना, तशी दोन घ्यायची, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळवायची आणि एकमेकांवर आदळायची. त्यातून हजारो कण बाहेर पडतात. आधी नसलेले. नवे."

"फुटून."

"नुसतं फुटून नाही, आई. आदळण्याची जी ताकद असते ना, तिचेच कण होतात. नव्यानं जन्माला येतात."

आईनं जुईकडे बघितलं आणि "हं" म्हणाली.

"बरोब्बर समोरासमोर आदळली तर कण सगळीकडे सारखेच उडतात. पण बहुतेक वेळा ती जरा बाजूनं धडकतात. मग जेवढा भाग एकमेकांवर येतो, त्याचा आकार असा होतो." मी तिच्या ताटलीतला एक बदाम उचलून उभा धरला. "आणि गंमत ही की या टोकांकडून कमी कण येतात, या चपट्या अंगांनी जास्त. असं का? कारण आत जे काही तयार झालेलं असतं, तो सुट्या कणांचा पसारा नसतो. ते पाण्यासारखं असतं, सगळं मिळून वाहतं. जिकडे दाब जास्त, तिकडे जोरात."

"म्हणजे एवढी मोठाली मशिनं लावून शेवटी बदामच." तिनं माझ्या हातातला बदाम काढून माझ्याच तोंडात घातला. "आणि त्या एकेका कणाला कळतं होय, कुणीकडे जायचं ते?"

"नाही ना! एकट्या कणाकडे बघून काही म्हणजे काही समजत नाही. सगळ्यांना एकत्र बघावं लागतं."

"मग तुझा एकटा कण कुणीकडे चाललाय ते बघ," आई म्हणाली. जुई जिन्याच्या दाराशी पोचली होती. मी अशी धावले की ताटली पालथी झाली. दाराला कडी होती. मीच सकाळी घातली होती, आणि दोनदा ओढून बघितली होती.

माझं काम होतं ओझरत्या टकरींवर. अणुकेंद्रं एकमेकांना जेमतेम चाटून जातात, कण थोडेच निघतात, आणि त्यामुळे प्रवाह असलाच तर क्षीण असायला हवा. माझ्या आलेखात मात्र तो घसघशीत दिसत होता. मॅडमना आदल्या दिवशी दाखवला, तर त्यांचा आवाजच चढला. "शाल्मली, हे टिकलं तर तुझा प्रबंध झाला म्हणून समज. गुरुवारी सगळ्यांसमोर मांड."

टिकलं तर. त्या दोन शब्दांनी मला कुरतडायला सुरुवात केली.

एक साधी परीक्षा असते. एकेका टकरीतला बदाम कसाही आडवा-तिरपा पडलेला असतो. त्यामुळे लाखो टकरी एकावर एक रचल्या, की सगळे कल एकमेकांत मुरून जातात आणि भाकरीसारखा गोल आकार उरायला हवा. मी रचल्या. माझी भाकरी एका बाजूनं चावलेली निघाली.

याचा अर्थ एकच होतो. निसर्गानं काही केलेलं नाही, आपल्या यंत्राचा एक तुकडा बंद आहे. टकरीच्या जागेभोवती यंत्र पिंपासारखं बसवलेलं असतं, आणि त्याच्या कलिंगडासारख्या फाकी असतात. एखादी फाक बंद पडली की त्या अंगाचे कण दिसतच नाहीत, आणि संगणकाला वाटतं की तिकडे कण गेलेच नाहीत. मग नसलेला प्रवाह दिसायला लागतो. म्हणून दर आठवड्याला कोणती फाक जागी, कोणती झोपलेली, याचा नकाशा लागतो. तो लावला की भोकं भरून निघतात.

हा नकाशा प्रज्वल करायचा. सोमवारी सकाळी मेल यायचा: नकाशा जोडला आहे, सगळं ठीक, प्रज्वल. खाली मराठीत, फक्त आम्हा दोघांना कळेल असा एखादा शेरा. फाकींना त्यानं नावं ठेवली होती. एक होती मोठे काका, एक नवरी. "मोठे काका सकाळपासून रुसले आहेत, कोणी बोलू नका." "नवरी आज एकदाची उठली."

आणि प्रज्वलच्या नजरेतून एवढी मोठी फाक सुटली? मी त्या सोमवारचा नकाशा उघडला. त्यात ती फाक टवटवीत, चालू. मागच्या सोमवारचा उघडला आणि दोन्ही एकमेकांवर ठेवले.

काहीच फरक नव्हता. शेवटच्या अंकापर्यंत नव्हता.

तुम्ही एकाच तांदळाच्या दोन मुठी घ्या, दाणे सारखे भरणार नाहीत. मोजमाप म्हटलं की थोडं इकडेतिकडे होणारच. ते झालं नाही, याचा अर्थ कुणी मोजलेलंच नाही. मी त्याच्या आधीचा सोमवार काढला. तोच नकाशा. त्याच्या आधीचाही तोच. आणि या मेलांच्या खाली ना मोठे काका, ना नवरी. नुसतं, सगळं ठीक.

तेव्हा मला प्रज्वलच्या त्या गड्याची आठवण झाली. जुनाच नकाशा दर सोमवारी आपोआप धाडत होता तो.

फोन लावला. बंद. व्हॉट्सअ‍ॅपवरचा माझा जुना निरोप एकाच टिकवर अडकलेला. तो जुईचा फोटो होता, आणि त्यानं बघितला नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"मॅडम, प्रज्वलशी तुमचं शेवटचं बोलणं कधी झालं?"

"कालच मेल आला की त्याचा."

"मेल नाही मॅडम. बोलणं."

"अगं, तो घरी आलाय ना? सुट्टी घेणार म्हणाला होता. तिकडची एलेनाही म्हणत होती, दिसत नाही हल्ली, भारतात गेला असेल."

मी त्याच्या वडिलांचा नंबर मागून घेतला. ते एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. त्यांना घाबरवायचं नव्हतं, म्हणून आवाज जमेल तेवढा हलका केला.

"काका, मी शाल्मली. प्रज्वलबरोबर काम करते."

"हाव हाव, शाल्मलीताई! नाव काढते तो तुमचं. बाळ कसं आहे?"

"छान आहे. काका, प्रज्वल आलाय का हो तिकडे?"

"इकडं? नाही बा. तो तिथंच आहे. काहून?"

"काही नाही. फोन लागेना, म्हणून म्हटलं..."

"नाही लागत त्याचा. त्याचं काम लय मोठं आहे ना ताई. आम्हीच करत नाही फोन. उगाच मशीन चालू असन आन् आपण घंटी वाजवाची!" ते हसले. "त्यानं केला की बोलतो."

"शेवटचा कधी केला होता?"

"झाले बरेच दिवस," ते म्हणाले, आणि मग जरा सावकाश, "सगळं ठीक आहे ना तिकडं?"

मी हो म्हटलं. काय म्हणणार?

इथले सगळे समजत होते तो तिथं आहे, तिथले समजत होते तो इथं आहे, आणि मेल दर सोमवारी जात होता.

एलेना इटलीची. प्रयोगशाळेत प्रज्वलच्या शेजारच्या टेबलावर बसायची. तिकडे जेवणाची वेळ होत आली होती. तिनं फोन उचलला तेव्हा मागं ताटांचा आवाज येत होता.

"त्याची खुर्ची रिकामीच आहे," ती म्हणाली. "आधी वाटलं घरून काम करतोय. मग कुणी तरी म्हणालं, गावी गेला."

"त्याच्या खोलीवर जाशील? आत्ता?"

"आत्ता मला मीटिंग आहे. काय झालं?"

"त्याचा नकाशा खोटा आहे."

दुसऱ्या कुणाला हे सांगितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. एलेनानं विचारलं, "किती खोटा?"

"शेवटच्या अंकापर्यंत सारखा. बऱ्याच आठवड्यांपासून."

"निघते," ती म्हणाली.

तो सीमेपलीकडच्या एका गावात खोली घेऊन राहायचा. एलेनाला सायकलनं तिथं पोचायला वेळ लागणार होता. जुई झोपली होती. मी तिच्याशेजारी बसले, फोन मांडीवर, हात तिच्या छातीवर.

"हात काढ, उठवशील," आई म्हणाली.

"बघतेय फक्त."

"श्वास चाललाय तिचा. मघाशीही चालला होता."

मी हात काढला. आई वळली तसा परत ठेवला.

फोन वाजला. एलेना धापा टाकत होती. "दारात आहे. बूट बाहेरच आहेत. पत्रपेटी जाहिरातींनी भरून वाहतेय." मग दारावर थापा. मग तिची हाक, तिच्या इटालियन जिभेवरचं त्याचं नाव, "प्राज्वाल! प्राज्वाल!" पुन्हा थापा. माझ्या डोक्यात त्या दाराआड काय काय येऊन गेलं ते मी लिहिणार नाही. मला वाईटच चित्रं दिसायची, आणि फार स्पष्ट दिसायची. पण त्याविषयी मी कुणाशी बोलले नव्हते.

कडी सरकल्यासारखा आवाज आला.

"उघडलं," एलेना म्हणाली. "आहे."

"कसा आहे?"

"उभा आहे." मग तिचा आवाज खाली आला, जणू फोन तिनं तळहाताआड घेतला होता. "शाल्मली, आज कुठला वार आहे हे त्याला माहीत नाही."

तिनं त्याला स्वतःच्या घरी नेलं, डॉक्टरकडे नेलं. मॅडमनी त्याच्या वडिलांना सांगितलं आणि त्याच्या मोठ्या भावाच्या व्हिसाच्या मागे लागल्या. गुरुवारी मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि माझा आलेख मीच खोडला. नवा नकाशा एलेनानं आणि मी मिळून केला होता. तो लावल्यावर घसघशीत प्रवाह आटला. सगळा नाही. तळाशी एक बारीकशी धार उरली, आणि ती काही केल्या जाईना. "हे खरं आहे," मॅडम म्हणाल्या. आधी दिसत होता तो प्रवाह किती तरी मोठा होता, पण ही धार बघताना मला जास्त आनंद झाला. जेमतेम चाटून गेलेल्या टकरीतले मूठभर कणसुद्धा एकमेकांना धरून चालतात, हे कसं होत असेल? मला तेच शोधायचं होतं.

प्रज्वलचा फोन काही आठवड्यांनी आला. व्हिडिओवर. गाल बसलेले, दाढी वाढलेली, पण डोळे माझ्याकडे बघणारे. मागं एलेनाचं स्वयंपाकघर आणि त्यात त्याचा भाऊ पोळ्या लाटत होता.

"दादा इटलीवालीला पोळ्या शिकवून राहिला," तो म्हणाला. "तिच्या पोळ्या त्याच्यापेक्षा गोल येतात."

"तुला काय झालं होतं रे?"

"तेच तर. काहीच नाही झालं. ताप नाही, काही नाही. उठवत नव्हतं. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या उठू. दुसऱ्या दिवशीही तेच वाटलं." "सोमवार आला, मेल गेला. सगळ्यांची उत्तरं आली, धन्यवाद प्रज्वल, छान प्रज्वल. मी पांघरुणात पडून वाचत होतो. माझ्यावाचून माझं सगळं मस्त चाललं होतं, ताई. मग फोन चार्जच नाही केला."

"एक फोन करायचास ना मला."

"काय सांगितलं असतं? पाय मोडला असता तर सांगितलं असतं." त्यानं कपातलं काहीतरी प्यायलं. "आता गोळ्या चालू आहेत. डॉक्टरीण बाई बरी आहे. दर आठवड्याला बसून बोलायचं असते तिच्याशी. तुमचं सांगा. तुम्ही कशा आहात?"

"मी? मस्त. जुई आता धरून उभी राहते, आई आहे मदतीला, कामही सुरू झालं. सगळं छान."

प्रज्वल नुसता माझ्याकडे बघत राहिला. पडदा अडकला की काय, असं मला वाटलं.

"ताई," तो म्हणाला, "हे तुम्ही बोलल्या, का तुमचा गडी बोलला?"

मी हसायला तोंड उघडलं. हसू आलं नाही. आई जुईला भरवत होती, तिचा चमचा थांबला.

मी झोपत नव्हते. जुई रात्रभर शांत झोपायची, आणि मी तिच्या नाकाखाली बोट धरून जागी राहायची. जिन्याची कडी मी पुनःपुन्हा ओढून बघायची. गॅलरीत तिला घेऊन उभं राहायचं मी केव्हाच सोडलं होतं, कारण माझ्याच हातांचा मला भरवसा वाटत नव्हता. भाजी चिरताना तिला आईनं दुसऱ्या खोलीत न्यावं म्हणून मी कारणं शोधायची. माझ्याच हातून तिला इजा होतेय, अशी चित्रं डोक्यात येतात म्हणजे मीच वाईट आई असणार, आणि कुणाला कळलं तर जुईला माझ्यापासून काढून घेतील, असं मला खरोखर वाटायचं. सौमित्रला मी रोज तिचा फोटो पाठवायची, आणि खाली लिहायची, सगळं छान. तो लाल बदाम पाठवायचा. आई माझ्यासमोर बसून रोज बदाम सोलत होती. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. पण ती बघत होती बाळाकडे, आणि बाळ खरंच छान होतं.

"झोप लागत नाही रे मला," मी प्रज्वलला म्हटलं. एवढंच आधी बाहेर आलं.

"कधीपासून?"

"ती झाली तेव्हापासून."

"काकू आहेत का तिथं?" त्यानं विचारलं. "द्या बरं फोन त्यांच्याकडे. नका देऊ, राहू द्या. तुम्हीच सांगा त्यांना. मी थांबतो इथं."

तो थांबला. पोळ्या जळाल्या तरी थांबला, भावाच्या शिव्या मला ऐकू येत होत्या. मी आईला सांगितलं. आईनं वाटी खाली ठेवली, जुईला कडेवर घेतलं, आणि दुसऱ्या हातानं माझं डोकं स्वतःच्या पोटाशी धरून उभी राहिली. संध्याकाळी ती आणि मी साताऱ्याच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी चाचरत चाचरत ती चित्रं त्यांना सांगितली. त्या म्हणाल्या, "अहो, हे सांगायला येणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. आणि बाळाला जपणाऱ्या आईलाच हे जास्त छळतं. बरं होतं हे." झालं. सरळ रेषेत नाही झालं, पण झालं.

प्रज्वल आता भारतात परतलाय, शिकवतो. जुई शाळेत जाते. अजूनही कधी कधी मी तिच्या नाकाखाली बोट धरते, पण एकदाच, आणि मग झोपते.

तुमच्या नात्यात, इमारतीत, ऑफिसात कुणी तरी नुकती बाळंत झालेली असेल. झबली-टोपडी घेऊन तुम्ही जाल, बाळ कुणावर गेलंय ते ठरवाल, त्याच्या मुठीत नोट द्याल. एवढं झालं की लगेच उठू नका. तिला विचारा, तू कशी आहेस? ती छान म्हणेल. म्हणू द्या. बाळ दुसऱ्या कुणाच्या मांडीवर जाऊ द्या, पाहुणे पांगू द्या, आणि मग तिच्याजवळ बसून पुन्हा विचारा. ती गप्प झाली तर तुम्ही बोलू नका. थांबा.

आणि जमलं तर आजच जा.